दुसऱ्याचं हाड

धाड, ता. बुलढाणा
९ सप्टेंबर २०२४

सौ. सुचिताताई उमाळे यांस,
सप्रेम जयभीम.

तुमची माझी ओळख नाही. मी कलाबाई हिवाळे. अंगणवाडीत सेविका होती, आता घरीच असते. माझी लेक समता शाळेवर शिकवते. तिनं परवा शाळेतून पेपर आणला, त्यात तुमचा फोटो होता. काठी घेऊन जळगाव जामोदच्या पोस्टाच्या दारात उभ्या आहात. वर लिहिलं होतं, ‘दुसऱ्याच्या हाडावर पोस्टवाल्या ताई पुन्हा उभ्या’. मी तो पेपर ठेवून घेतला.

माझा मुलगा देवानंद फेब्रुवारीत गेला. मोटारसायकलचा अपघात. संभाजीनगरच्या दवाखान्यात नेला होता. तिथल्या डॉक्टरनं पुसलं, अन् आम्ही मायलेकीनं हो म्हणलं. डोळे दिले, कातडी दिली, पायाची हाडं दिली. घरी आणला तवा पायात लाकडाच्या काठ्या घालून नीट शिवलेलं होतं. कोणाले समजलंसुद्धा नाही.

तुमचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं असं पेपरात आहे. दवाखाना तोच. कोणाचं हाड कोणाले बसवलं हे ते सांगत नाहीत, तसा नियम आहे. मी भांडायले निघाली नाही. मले एवढंच पुसायचं आहे की पाय कसा आहे? दुखते का? रात पडली की ठणकते का?

फोन करता आला असता. पण फोनवर मले बोलणं सुधरत नाही. लिहिलं की मधात थांबता येते.

तुमची,
कलाबाई हिवाळे


जळगाव जामोद
२१ सप्टेंबर २०२४

ती. कलाबाई मावशींना,
सुचिताचा नमस्कार.

मावशी म्हटलं तर चालेल ना? मी रोज लोकांची टपालं वाटते, पण त्यात बँकेच्या नोटिसा आणि आधार कार्डंच असतात. हाताने लिहिलेलं पत्र माझ्या स्वतःच्या नावाने आलेलं पाहून मी पोस्टातच खाली बसले.

पाय बरा आहे. मागच्या वर्षी बाजारात कापसाची ट्रॉली मागे आली आणि माझा उजवा पाय भिंतीला लागून चेंगरला. खामगावला हाडावर स्टीलची पट्टी टाकली, पण आत पू झाला. मग संभाजीनगरच्या डॉक्टरांनी नडगीचा सडलेला तुकडा काढून टाकला. काही महिने तिथे पोकळीच होती. बोटाने दाबलं की आत काही नाही हे मला कळायचं. मार्चमध्ये ती पोकळी भरली. ऑपरेशननंतर एक शिकाऊ डॉक्टर बाहेर येऊन आमच्या ह्यांना म्हणाला, “बाहेरचं हाड भरलंय, आता काळजी करू नका.” एवढंच आम्हाला माहीत. पुढचं पेपरवाल्याने जोडलं. त्यामुळे ते तुमच्या देवानंदचंच आहे असं मी म्हणू शकत नाही, आणि नाहीच असंही कोणत्या तोंडाने म्हणू?

डॉक्टर म्हणतात, भरलेलं हाड फक्त जागा धरून ठेवतं. दोडक्याच्या वेलाला मांडव घालतो ना, तसं. त्याला बारीक भोकं असतात. त्यातून रक्ताच्या नळ्या शिरतात, मागोमाग हाड रचणाऱ्या पेशी येतात. एकीकडे मांडव झिजत जातो, दुसरीकडे आपलं स्वतःचं हाड तयार होत जातं. एक्स-रेच्या फोटोत भरलेली जागा पांढऱ्या डागासारखी दिसते, दर फोटोत मला त्याच्या कडा थोड्या पुसट झालेल्या दिसतात.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय. उन्हाळ्यापासून हा पाय मधूनच आपोआप खाली दाबला जातो. दुपारी जरा डोळा लागला, नाहीतर टपाल लावत बसले की एकदम. डॉक्टर म्हणाले, स्नायू आखडतात. असेल तसं.

समताताईंना नमस्कार सांगा.

तुमची,
सुचिता


धाड
२७ सप्टेंबर २०२४

चि. सुचितास जयभीम.

तुझं पत्र भेटलं. मले एवढं सांग. पाय टाचेतून दाबला जाते का पंजातून? हळूहळू दाबते का एकदम? अन् दाबला की कुठं जाऊन अडते?

तू पह्यले कधी मोटारसायकल चालवली का?

लवकर लिही.

कलाबाई


जळगाव जामोद
१० ऑक्टोबर २०२४

ती. मावशी,
नमस्कार.

तुमच्या छोट्या पत्राने मला जरा घाबरवलं. टाच जागेवरच असते, पंजा दाबला जातो. एकदम. आणि अडत कुठेच नाही. पाय जमिनीवर टेकलेला असला तरी मला आतून असं वाटतं की खाली काही तरी असायला पाहिजे होतं आणि ते नाही. पायरी संपल्यावर अजून एक आहे असं समजून पाय टाकावा, तसं होतं. मी आजपर्यंत सायकलपलीकडे काही चालवलं नाही. आमच्याकडे मोटारसायकल नाहीच. तुम्ही पंजाचं कसं विचारलंत?

गेल्या सोमवारी मी खामगावहून एसटीने परत येत होते. शेजारी आमच्या गल्लीतल्या तानुबाई होत्या. भर दुपार होती आणि मी जागी होते, हे आधी सांगते. नांदुऱ्याच्या पुढे एका वळणाआधी माझा पाय असा दाबला गेला की समोरच्या सीटचा दांडा मी दोन्ही हातांनी धरला. तानुबाईंनी माझा गुडघा पकडला. म्हणाल्या, “काय झालं वं, पेटका आला काय?” मी हो म्हणणार तेवढ्यात ड्रायव्हरने ब्रेक मारला. सगळी गाडी पुढे आदळली. वळणाच्या पलीकडे रस्त्यावर ट्रॉली उभी होती, चाक निखळलेली.

मावशी, मी ती ट्रॉली आधी पाहिली नव्हती. माझ्या खिडकीतून तर नुसती तूर दिसत होती.

तानुबाई तेव्हापासून माझ्या पायाकडे बघत बोलतात. घरी मी हे कुणाला सांगितलं नाही.

तुमची,
सुचिता


धाड
२४ ऑक्टोबर २०२४

चि. सुचिता,

तुले सारं सांगते. पह्यल्या पत्रात मी नुसतं अपघात म्हणून लिहिलं होतं.

देवानंदची गाडी पुलाजवळ उभ्या ट्रकवर जाऊन धडकली. भर उजेडात. ट्रक रस्त्याच्या कडेले उभा होता, दुरून दिसत होता. पोलीस आले, त्यांनी रस्ता पाह्यला. टायर घासल्याची खूण कुठंच नव्हती. ब्रेक मारला असता तर काळी रेघ उमटली असती म्हणे. पोलीस भरतीचं वय निघून गेलं म्हणून तो कितीक दिवस गप्प गप्पच होता. त्या सकाळी घरात बोलाचालीबी झाली होती, ती गल्लीनं ऐकली. मग काय, दोन अन् दोन चार करायले लोकाले किती येळ लागते. पोरानं करून घेतलं, असं सारे म्हणायले लागले. दहाव्याच्या दिवशी माझ्याच ओट्यावर बसून बायका हळूहळू बोलत होत्या. मी आतून ऐकत होती. सुचिता, मीबी तेच धरून बसली. पोरगं मेलं याचं दुःख एक, अन् त्यानं आमच्याकडं पाठ करून जाणं निराळं.

मोटारसायकलचा ब्रेक उजव्या पायाखाली असते. पंजानं दाबा लागते.

तू हे लिहिलं तवा तुले त्याचा अपघात कसा झाला ते माहीत नव्हतं. मी ते पत्र समताले वाचून दाखवलं. ती माझ्यावर रागावली. म्हणे, “आई, आपण आत्मा मानत नाही. बाबासाहेबांनी एवढं शिकवलं अन् तू हाडात जीव शोधते?” तिचं खरं आहे. मी मानत नाहीच. पण पाय तर तुझा दाबला जाऊन राह्यला ना?

अन् तू म्हणते, तुझं हाड भरत जाईल तसं ते झिजत जाईल. विहारात वंदनेले बसली की मनात काय आणावं तेच समजत नाही. तुझा पाय लवकर भरावा म्हणावं, का थोडं थांबावं म्हणावं? या खेपेच्या फोटोत तो किती राह्यला?

मले एकदा येऊन तुझा पाय पाहू दे. जेवणखाण काही करू नको.

कलाबाई


जळगाव जामोद
२ डिसेंबर २०२४

ती. मावशी,

तुम्ही जाऊन आठवडा झाला. इतके दिवस पेन हातात घेऊन नुसती बसत होते.

त्या दुपारी तुम्ही माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसलात आणि मी डोळे मिटले, तोवर मला आठवतंय. झोप लागली होती का, सांगता येत नाही. तुमचा तळहात माझ्या पावलाखाली आहे हे कळत होतं. तो गार होता. मग तुम्ही हळूच “देवू” म्हणालात आणि पाय दाबला गेला. मी ओढून धरायला बघत होते, खरंच बघत होते, पण मांडीपासून खाली काही माझं ऐकत नव्हतं. पाय तुमचा हात घेऊन खाली गेला, खाटेच्या पायथ्याच्या लाकडापर्यंत. तुम्ही म्हणालात, “किती खाली जाऊन राह्यला गं. लागतच नाही काही.” तुमचा आवाज अगदी साधा होता, पोराला ताप आहे का हे बघताना असतो तसा. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

आमचे हे, गोकुळराव, दारात उभे राहून सगळं बघत होते. तुमची एसटी गेल्यावर मी त्यांना पायाचं सगळं सांगितलं, तुमची पत्रंही वाचून दाखवली. मला वाटलं, चिडतील. एरवी ते पाण्याच्या मोटरीशिवाय दुसऱ्या कशावर बोलणारे नाहीत. ते अंगणात जाऊन बसले आणि म्हणाले, “तू म्हणतं पाय दाबल्यावर खाली काईच लागत नाई. मंग त्या गाडीचा ब्रेक पाह्यला का कोनं?”

मी म्हटलं, पोलिसांनी पाहिला असेल.

तर म्हणाले, “पोलिसाईनं रस्ता पाह्यला. गाडी काऊन पाहतीन ते?”

मावशी, गाडी कुठे आहे? 

सुचिता


धाड
१९ डिसेंबर २०२४

चि. सुचिता,

गाडी घरामागंच होती. पोलीस स्टेशनातून सोडवून आणली तशी ताडपत्रीखाली उभी. तिच्याकडं पाहायची आमची कोणाची हिंमत नव्हती. समताबी तिकडच्या न्हाणीत जायची तर मान खाली घालून जायची.

तुझं पत्र वाचून मी गोविंदाले बोलावलं. त्याचं बसस्टँडजवळ गॅरेज आहे, देवानंदच्या बरोबरीचा. यायले तयार नव्हता. म्हणे, “काकू, आता काय पाहायचं त्यात?” मी म्हणलं, मागचा ब्रेक पाहून दे, मी दुसरं काही मागत नाही. पुढचा ब्रेक तर तुटलेलाच होता, तो करून घेतो घेतो म्हणत होता देवानंद. तो मागच्यावरच गाडी चालवे.

गोविंदानं ताडपत्री काढली अन् हातानं पायडल दाबलं. ते भसकन खाली गेलं. तुझा पाय तसाच गेला होता माझ्या हाताले घेऊन.

मग तो गाडीखाली झोपला. पायडलपासून मागच्या चाकापावतर एक लोखंडी सळई जाते, तिच्या शेवटाले नट असते. तो नट नव्हता. मी म्हणलं, धडकेत पडला असंन. तर तो म्हणे, “नाही काकू, हे पाहा.” सळईचं टोक त्यानं मले दाखवलं. एका बाजूनं घासून चकचकीत झालेलं, तिरपं. म्हणे नट आधीच पडला, सळई निसटून रस्त्यावर घासत राह्यली. तशीच चालली असंन बरीच दूरवर. त्यानं ब्रेक मारला तवा खाली काही नव्हतंच.

गोविंदा तिथंच मातीत बसून रडला. त्यानंच गल्लीभर सांगितलं होतं का देवानंदनं करून घेतलं.

सुचिता, त्यानं ब्रेक मारला होता. माझा पोरगा थांबायले पाहत होता.

समतानं ती सळई हातात घेऊन पाह्यली. संध्याकाळी आपणच ओट्यावर जाऊन बसली अन् येईल त्या बाईले सांगत राह्यली.

तुझ्या पायाचं माझ्यावर फार मोठं ऋण झालं, असं लिहिणार होती. पण तो तर त्याचाच पाय. तू सांभाळ त्याले.

कलाबाई


जळगाव जामोद
३ एप्रिल २०२५

ती. मावशी,
नमस्कार.

तुमची तीन पत्रं आली आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. आता देते. एकदम वाचू नका, समताताई घरी असताना वाचा.

फेब्रुवारीत मी तपासायला संभाजीनगरला गेले. मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि खूश झाले. पोकळी भरली आहे. दोन्हीकडून आलेलं माझं हाड मधे जुळलं आहे, भरलेल्यातले थोडे ठिपके तेवढे दिसतात, तेही विरतील. मी विचारलं, “साहेब, ज्याचं हाड होतं त्याचं आता काहीच राहणार नाही का?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, “कुणाचं हाड?”

मग त्यांनी समजावून सांगितलं. माझ्या पायात कुणाही माणसाचं हाड भरलेलं नव्हतं. कॅल्शियम आणि फॉस्फेट भट्टीत भाजून केलेले दाणे होते, साबुदाण्याएवढे, स्पंजासारखी भोकं असलेले. कारखान्यात होतात. त्यात माझ्याच कमरेच्या हाडातला गर काढून मिसळला. कमरेवर टाके होते ते त्याचेच, मी कधी विचारलंच नाही. बाहेरचं हाड म्हणजे ते दाणे. आणि माणसाचं हाड मिळालं तरी ते तपासण्या होईपर्यंत कित्येक महिने थंड पेटीत ठेवतात, फेब्रुवारीतलं मार्चमध्ये कुणालाच बसवत नाहीत. मी दोनदा विचारलं. त्यांनी कागद काढून दाखवला. त्यांनी कुठे फसवलं नाही मावशी, आपणच धरून चाललो.

मी दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. ऊन होतं, लोक येत जात होते, आणि मला थंडी वाजायला लागली. कारण तुमचा देवानंद माझ्या पायात आहे असं जोवर वाटत होतं, तोवर मला एवढी भीती नव्हती. माणूस ओळखीचा झाला होता. आता पायात कुणीच नव्हतं म्हणतात. मग वळणापलीकडची ट्रॉली कुणी पाहिली? तुमच्या तळहातावर दाबला तो कुणाचा पाय होता?

आणखी एक लपवलेलं सांगते. तुम्ही त्या दुपारी माझा पाय हातात धरलात, त्यानंतर एकदाही तो दाबला गेलेला नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून लिहिलं नाही.

काल समताताईंचा फोन आला होता. त्यांनी सांगितलं ते ऐकून आजच लिहायला बसले. तुमचा उजवा पाय दुपारी बसल्या बसल्या दाबला जातो म्हणतात. तुम्ही इथून गेल्यापासूनच. मावशी, तुमच्या पायात तर कुणी काहीच भरलं नाही. माझ्याबरोबर संभाजीनगरला चला. डॉक्टर चांगले आहेत, तपासून बघतील. मी सुटी टाकते.

तुमची,
सुचिता


धाड
१४ एप्रिल २०२५

चि. सुचितास सप्रेम जयभीम.

आज जयंती आहे. बाहेर मिरवणुकीची तयारी चालू आहे, समता पोरींले घेऊन पुढं गेली. मी पांढरं लुगडं नेसून बसली आहे, तेवढ्यात तुले लिहिते.

तुझं पत्र समतानं वाचलं. मले वाटलं, ती म्हणंल, पाहा मी म्हणत नव्हती? पण तिनं कागद घडी करून परत पाकिटात टाकला अन् माझ्या पायाजवळ येऊन बसली.

तुझ्या पायात तो नव्हता हे डॉक्टर म्हणते तर खरंच असंन. शिकलेला माणूस आहे, उगाच कायले सांगंल. तुझ्या कमरेतला गर अन् भट्टीतले दाणे, त्यात तुझंच हाड वाढलं. बरं झालं. आता तू कोणाचं ओझं मनावर घेऊ नको, खुशाल हिंड.

मले भेव नाही वाटत. पह्यले वाटलं. तुझ्याकडून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी तूर निवडत बसली होती अन् पाय गेला खाली. तू लिहिलं होतं तसाच, एकदम. मग रोजचंच झालं. खाली काहीच लागे ना. तो दाबे, अन् मी त्याच्यासंगं पडत राहू. मी समताले सांगितलं नाही, तिनं पाहून घेतलं.

म्हणून मी मागच्या महिन्यात गोविंदाले परत बोलावलं. म्हणलं, सळई सरळ कर, नवा नट बसव, ब्रेक पक्का करून दे. तो म्हणे, “काकू, या गाडीचं तर पुढचं चाकच राह्यलं नाही, ब्रेक करून काय करता?” मी म्हणलं, तू करून दे. त्यानं केलं. हातानं पायडल दाबून दाखवलं, मधातच घट्ट अडलं.

त्या दिवसापासून माझा पाय खाली जाते अन् मधात अडते, सुचिता. आता लागते. दाबला की धरून राह्यते, अन् मग हळूच सैल होते.

तुझा डॉक्टर चांगला आहे, म्हणूनच मी येत नाही. तपासंल अन् बरं करून टाकंल.

आता इतक्यात, हे लिहिता लिहिता पाय दाबला गेला. समता मले बोलवायले परत आली होती, दारातून पाहत होती. म्हणे, “आई, डफडे सुरू झाले, चल ना. पाय असा रोवून काऊन बसली?”

मी म्हणलं, जरा दम धर. थांबू दे त्याले.

तुझी,
कलामावशी